लोणीवरच्या घिरट्या

अण्णा,

वर्तमानपत्रात द्यायच्या निधनाच्या निवेदनात तुमच्या नावाखाली काय लिहायचं, यावरून तुमच्या मुलीचं आणि माझं भांडण झालं. मेधा म्हणाली, 'उद्योजक' लिही. मी म्हणालो, 'वैमानिक' लिहू या. त्यावर ती म्हणाली, "अण्णा ते वाचून विचारतील, कोण हा? आमच्या गल्लीत तर कुणी राहत नव्हता." आम्ही दोघंही हसलो आणि हसता हसताच ती उठून आतल्या खोलीत गेली. शेवटी नुसतं नाव छापलं. भोसरीच्या वर्कशॉपवर तरी तुम्ही दुसरं काय लावलं होतंत? आत काय बनतं ते पाटीवर कधी लिहिलंच नाहीत. "ज्याला हवंय त्याला ठाऊक आहे," हे तुमचं त्यावरचं उत्तर.

आता तुम्ही मध्येच तोडू शकत नाही, म्हणून त्या दुपारबद्दल एकदा सगळं बोलून घेतो. तुम्ही असताना हा विषय आपल्यात कधी पुरा झाला नाही. मी सुरू करायचो आणि तुम्ही चहा मागायचात.

पहिल्यांदा तुमच्या विश्रांतवाडीच्या घरी आलो तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो पाठीला चिकटला होता. मेधा आणि मी एकाच कंपनीत होतो. खराडीत तेव्हा काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या मागच्या बाजूला ज्वारीही उभी होती. लग्न करायचं आमचं ठरलं होतं, तुमचं ठरायचं होतं. तुम्ही खुर्चीत बसून होतात, उठला नाहीत.

"काय करता?"

"सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"ते मेधा पण आहे. म्हणजे बनवता काय?"

"एका अमेरिकन बँकेसाठी आम्ही..."

"तसं नाही. हातात धरता येईल असं काय बनवता?"

तुम्ही खिशातून स्टीलची एक बारीक पिन काढून टेबलावर ठेवलीत. "ही आम्ही बनवतो. गाडीच्या ब्रेकमध्ये जाते. चुकीची बनली तर माणूस मरतो."

मी म्हणालो, "आमचं चुकीचं बनलं तर अमेरिकेतून फोन येतो."

तुम्ही हसला नाहीत. स्वयंपाकघरातून मात्र मेधाच्या आईच्या, माईंच्या हसण्याचा आवाज आला आणि मला जरा धीर आला.

"गाव कुठलं?"

"अचलपूर."

"तिथे रेल्वे जाते?"

"जाते ना जी. पण आपल्या सवडीनं जाते."

"मग विमानात बसला नसालच. शनिवारी मला सोलापूरला जायचंय, गिऱ्हाइकाकडे. येता?"

मेधानं मला तुमच्याबद्दल सगळं सांगून ठेवलं होतं. नव्वदनंतर मोटारींचे नवे कारखाने आले, तुमच्या पिनांना मागणी वाढली. तुमच्या बरोबरीच्या लोकांनी बंगले बांधले. तुम्ही चाळिशी उलटल्यावर विमान चालवायला शिकलात आणि एका मित्राबरोबर भागीत एक जुनं, एका इंजिनाचं, चार जण बसतील एवढं विमान घेतलंत. त्याला तुम्ही 'स्कूटर' म्हणायचात. 'स्कूटर काढतो' म्हणालात की माई समजायच्या, आज लोहगावच्या विमानतळावर जाणार. मेधा मला दारापर्यंत सोडायला आली आणि कुजबुजली, "नाही म्हणालास तर संपलं. हो म्हण, आणि वर गेल्यावर उलटी करू नकोस."

शनिवारी जाताना सगळं सुरळीत झालं. खाली सोलापूर रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. पुढे उजनीचं पाणी इतकं पसरलेलं की मला तो समुद्रच वाटला. मी तसं म्हणालो, तर तुम्ही म्हणालात, "अचलपूरला काय, विहीर पण समुद्रच." उलटी झाली नाही. सोलापुरात तुमचं काम झालं आणि दुपार कलायला लागल्यावर आपण परत निघालो. जानेवारीचे दिवस होते, हवेत धुरकट पडदा होता.

दौंड मागे पडल्यावर तुम्ही समोरच्या एका डायलवर बोटानं टिचकी मारलीत. थोड्या वेळानं परत मारलीत.

"काही झालं का?" मी हेडफोनच्या माइकमध्ये विचारलं.

"बघतोय." मग म्हणालात, "आल्टरनेटर गेला. बॅटरी चार्ज होत नाहीये."

"म्हणजे इंजिन बंद पडणार?"

"इंजिनाला बॅटरी लागत नाही. ठिणगीची सोय त्याची त्याच्याकडे असते. बाकी सगळं बंद पडेल."

तुम्ही एकेक बटण बंद करत गेलात. घाई नव्हती. देवघरातून उठताना समया शांत करतात तसे तुमचे हात चालले होते, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय. तेव्हा मी फक्त माझे गुडघे धरून बसलो होतो. रेडिओ तेवढा चालू ठेवलात. लोहगावच्या टॉवरशी बोललात. लोणी काळभोरवर आलात की परत बोला, असं त्यांनी सांगितलं. ते मीही ऐकलं.

आणि लोणी काळभोरवर आलो तेव्हा रेडिओत नुसती खरखर उरली. मग तीही थांबली. त्याबरोबर आपल्या दोघांचे हेडफोनही गेले. इंजिनाचा आवाज अंगावर कोसळला. समोर बघितलं तर पेट्रोलचे दोन्ही काटे खाली शून्यावर पडलेले. मी ओरडलो, "पेट्रोल संपलं!"

तुम्ही माझ्या कानाशी तोंड आणून ओरडलात, "काटे मेलेत! पेट्रोल आहे! निघताना मी टाकीत काठी बुडवून बघितलंय!"

लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा. लढाऊ विमानांचा सराव तिथे, प्रवासी विमानंही तिथेच. न बोलता, न विचारता तिथे शिरायचं कसं? मी मागे बोट दाखवून बारामती असं ओरडलो, कारण सकाळी जाताना तिथली धावपट्टी तुम्ही मला दाखवली होती. तुम्ही मान हलवलीत. "तिथे जाईस्तोवर अंधारून येईल. आपल्याकडे एक दिवा लागत नाहीये." आणि विमान डावीकडे कलतं करून तुम्ही लोणी काळभोरवर गोल फिरवायला लागलात. खाली उसाचे फड, एका कॉलेजच्या मैदानावर क्रिकेट चाललेलं. ती पोरं मान वर करून बघत होती. मला वाटलं, यांना ओरडून सांगावं.

तुम्ही माझ्या खिशाकडे बोट केलंत. "ते तुमचं वाजणारं आहे ना? लावा घरी."

मोबाइलचा तुम्हाला किती तिटकारा होता! पुढेही रविवारी जेवताना माझा वाजला तर तुम्ही ताटावरून उठायचात. मी मेधाला फोन लावला. रेंज होती. तिचं हॅलो ऐकू आलं की नाही कोण जाणे, मी घसा फोडून ओरडलो आणि तिकडे तिला नुसती घरघर ऐकू गेली. म्हणून मी मेसेज लिहायला घेतला. त्या जुन्या फोनवर एका अक्षरासाठी तेच बटण तीन-तीनदा दाबावं लागायचं. विमान कललेलं, अंगठा चुकीच्या बटणावर जातोय. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत होतो.

"निबंध लिहिताय का?" तुम्ही ओरडलात.

मी लिहिलं होतं ते एवढंच: 'रेडिओ बंद. आम्ही ठीक. लोणीवर गोल फिरतोय. टॉवरला सांग.'

घरी काय झालं ते मला नंतर मेधानं सांगितलं. ती आणि माई मेथी निवडत बसल्या होत्या. मेसेज वाचून मेधा मेथी तशीच टाकून उभी राहिली. माईंनी तिच्या हातातला फोन घेतला, चष्मा वर करून वाचला, पदराला हात पुसले आणि घरच्या फोनवरून सरळ विमानतळाचा नंबर फिरवला. तो त्यांना पाठ होता. तुम्हाला परतायला उशीर झाला की त्या तिथे विचारत असाव्यात, तुम्हाला न सांगता. पलीकडून विचारलं, कोण बोलतंय? माई म्हणाल्या, "मी त्यांची मिसेस. त्यांचा रेडिओ बंद पडलाय. ते लोणी काळभोरवर थांबलेत, तुमच्या परवानगीशिवाय आत येणार नाहीत. त्यांनी काय करायचं ते मला सांगा, मी कळवते." एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

माझा फोन उजळला. मी तो तुमच्यासमोर धरला. 'पूर्वेकडून या. टॉवरचा दिवा बघा. लाल असेल तर फिरत राहा. हिरवा असेल तर उतरा. माई.'

तुम्ही शेवटचा शब्द वाचलात आणि त्या संबंध दुपारी पहिल्यांदा हसलात. "ही आता टॉवरमध्ये पण गेली!"

मग आपण वळलो. समोर मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत. धुरक्यानं सगळं सोनेरी आणि पुसट झालेलं. धावपट्टी मला कळेना, टॉवर कळेना. तुम्ही हात लांब करून दाखवलंत, ती उंच इमारत, तिचा वरचा भाग. आणि म्हणालात, "अविनाश, तिथे बघत राहा. दिवा कुठला आहे ते तू सांग."

तोपर्यंत मी 'अविनाशराव' होतो. हाक तर बदललीच, 'तू' कधी झालो तेही त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नाही.

"लाल!" मी ओरडलो. "लाल आहे!"

तुम्ही लगेच वळवलंत. आपल्या खालून एक मोठं प्रवासी विमान गेलं, सावकाश, आपण तिथे नाहीच असं. आपण पुन्हा फेरी घेतली. पुन्हा ऊन डोळ्यांत. मी डोळ्यांवर हात धरला होता.

"आता?"

"हिरवा."

"नक्की?"

"हिरवा आहे."

"नीट बघ. लुकलुकतोय की स्थिर आहे?"

"स्थिर आहे. अण्णा, हिरवाच आहे!"

मीही तुम्हाला तोवर 'सर' म्हणत होतो.

तुम्ही विमानाचे पंख एकदा इकडे, एकदा तिकडे हलवलेत. दिसलं, असं टॉवरला कळवायची ती रीत, हे मागाहून कळलं. वेग कमी करायला पंखांच्या मागच्या ज्या फळ्या खाली येतात, त्याही विजेवर चालणाऱ्या. त्या आल्याच नाहीत. त्यामुळे आपण वेगात उतरलो आणि लांबवर पळत गेलो. तुम्ही मात्र चाकं अशी टेकवलीत की मला कळलंही नाही. थांबल्यावर तुम्ही दोन्ही हात मांडीवर ठेवलेत आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसलात. एक जीप आपल्याकडे येत होती.

जीपमधल्या अधिकाऱ्यांना सगळी उत्तरं देऊन झाल्यावर घरी पोचलो. मेधा फाटकातच होती. तिनं तुम्हाला मिठी मारली, मग सगळ्यांसमोर मलाही मारली. माई दारात आल्या, आपल्या दोघांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "चहा टाकू?"

"टाका," तुम्ही म्हणालात.

चहा पिऊन झाल्यावर बशी खाली ठेवत तुम्ही मला म्हणालात, "अविनाशराव, लग्नाचं तुमच्या घरी विचारून कळवा. आमच्याकडून उन्हाळा चालेल." पुन्हा अहो-जाहो. मुलाखतीचा निकाल असा लागला.

आता आपलं राहिलेलं भांडण.

त्याच वर्षी तुम्ही विमानातली तुमची भागी सोडलीत. भागीदाराला सगळंच हवं होतं, असं सांगितलंत. पुढे बऱ्याच वर्षांनी तुमच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, हे बरंच जुनं दिसतंय. तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून ती दुपार पुन्हा आठवली. तुम्हाला तो दिवा दिसत होता का, अण्णा?

मी विचारलं होतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणालात, "ऊन होतं समोर." मग आमच्या मुलीच्या, अन्वीच्या बारशाला विचारलं, तर म्हणालात, "घाबरलेल्या माणसाला काम दिलं की तो हात धरत नाही. तुम्ही माझा हात धरला असतात." आणि एकदा गच्चीवर मी चिडलो. म्हणालो, दिसत नव्हतं तर तुम्ही विमान काढायलाच नको होतं. परक्याच्या पोराला वर घेऊन गेलात, त्याच्या आईला काय सांगणार होतात? तुम्ही कप कठड्यावर ठेवलात. कपातला चहा थंड झाला. मग म्हणालात, "तुम्हाला दिसला ना? मग झालं." मी म्हणालो, हे उत्तर नाही. तुम्ही म्हणालात, "नाही. पण एवढंच आहे."

दिसत होतं आणि तरी मला विचारलंत, असं कधी वाटतं. मग मी तुमचा आभारी असतो, कारण मला त्या दिवसाआधी कुणी इतकं मोठं काम सांगितलं नव्हतं. दिसत नव्हतं, असं कधी वाटतं. मग तुमचा राग येतो, आणि राग येता येता त्या मांडीवर ठेवलेल्या हातांची आठवण होते. तुम्ही ते बघत काय विचार करत होतात? तेवढं तरी सांगायचं होतंत. मी कुणाला बोललो नसतो. आजवर मेधालाही बोललो नाही.

माझे वडील मी शाळेत असताना गेले. हे तुम्हाला माहीत होतं, पण त्यावरून तुम्ही कधी मायेचे दोन शब्द काढले नाहीत. माझी आई आजारी पडली तेव्हा मात्र मी तिकीट काढायला निघालो आणि तुम्ही म्हणालात, "दोन काढा." अचलपूरच्या त्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्या घरात सतरंजीवर झोपलात. दिवसभर उन्हाच्या नावानं बोटं मोडलीत, आईच्या औषधांसाठी अमरावतीला तीन-तीन खेपा केल्यात, आणि पाटवडीची आमटी खाऊन आईला म्हणालात, "हे तुमच्या मुलानं आम्हाला कधी सांगितलं नाही. हा लपवतो." माझी आई आजारपणात त्या दिवशी हसली. मी तेव्हा तुमचे आभार मानायला हवे होते. मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "पावती देऊ का?" म्हणून राहून गेलं. आज मानतो. आता काय म्हणायचं ते म्हणा.

तुमच्या शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी तुमची दाढी करायचो. माझी घाई झाली की तुम्ही डोळे मिटूनच म्हणायचात, "सावकाश. धावपट्टी लांब आहे." त्या बोलण्यातला अर्थ शोधायचा नाही, असं मी तेव्हा ठरवलं होतं. आजही शोधत नाही. मला फक्त तुमचा आवाज ऐकू येतो.

काल दिवसभर लोक येत होते. विमानातले तुमचे भागीदार आले, आता काठी घेऊन चालतात. ते माईंना म्हणाले, "वहिनी, तुम्ही एकदाही विमानात बसला नाहीत. तो सांगायचा नेहमी, हिला भीती वाटते." माईंनी मान डोलावली, त्यांना चहा दिला. हे आम्हीही तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्यात विचारण्यासारखं काही आहे, असं कुणाला वाटलंच नाही.

ते गेल्यावर माई कपबशा गोळा करत होत्या. आमच्याकडे न बघताच म्हणाल्या, "भीती कसली? मला यांनी कधी विचारलंच नाही."

मेधा म्हणाली, "माई, तू कधी म्हणाली नाहीस."

"मी म्हणायचं होय? पहिल्या पहिल्यांदा हे निघाले की मी तयार होऊन दारात उभी राहायचे. पायात चपला घालून. हे म्हणायचे, आत जा, ऊन लागेल."

अण्णा, इतकी वर्षं तुम्हाला मी त्या दिव्याचं विचारत राहिलो, आणि या बाईंना कुणी काहीच विचारलं नाही. तुम्ही नाही, आम्हीही नाही.

मग मी विचारलं. "माई, विमानात यायचं का?"

त्यांनी कपबशा खाली ठेवल्या. पदर सारखा केला. "आता या वयात?" म्हणाल्या, आणि आमच्याकडे बघितलं. "सकाळी जाऊ या. दुपारी ऊन असतं."

तसलं छोटं विमान भाड्यानं मिळेल का, याची मी चौकशी सुरू केलीय. तेराव्यानंतर बघू. वैमानिकाच्या शेजारची पुढची जागा माईंची. मेधा आणि मी मागे बसू.